बाप्तिस्म्यानंतरची वाट



आजच्या भाषणाची पत्रिका वाचून काही मित्रांनी आम्हांला वाटेत हटकले. कामगार संघटनेचा माणूस आहे. त्याने महागाईवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, फार तर नव्या कामगार संहितांवर बोलावे. ख्रिस्ती माणसाची श्रद्धा खोल कशी जाते, हा विषय त्याला कुणी दिला? विषय कुणी दिला नाही, आम्हीच तो मागून घेतला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा घातला, तेव्हापासून या व्यासपीठाची रीतच अशी आहे की, ज्याला जे मनापासून कळले असे वाटते ते त्याने चार लोकांपुढे मांडावे आणि चार लोकांनी ते तपासून घ्यावे. पनवेल हे तर फार जुने बंदर. येथे देवळे आहेत, मशिदी आहेत, आणि बेने इस्रायली बांधवांचे जुने प्रार्थनामंदिरही आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांना ज्या कोकणाने सांभाळून घेतले, त्या कोकणाला एका ख्रिस्ती माणसाचे तासभर ऐकणे जड जाऊ नये.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. पहिली अशी की, आम्ही येथे कुणाला ख्रिस्ती करावयास आलेलो नाही. आमचे बोलणे आहे ते जे आधीच ख्रिस्ती म्हणवितात त्यांच्याविषयी, म्हणजे मुख्यतः आमच्याविषयीच. दुसरी गोष्ट, आम्ही धर्मशास्त्र शिकलेलो नाही. शाळा दहावीच्या आतच सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि रात्रपाळीच्या मधल्या सुटीत. तेव्हा कुणा पाळकसाहेबांना आमच्या बोलण्यात कच्चे दुवे दिसले तर त्यांनी ते शेवटी जरूर दाखवावेत.

आमचे घराणे मूळचे नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, काम सुरू केले. त्याच मिशनच्या एका खेड्यातल्या शाळेच्या आधाराने आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना त्यासाठी काय सोसावे लागले याच्या गोष्टी आम्ही आजीकडून ऐकल्या आहेत. आमचे काय? आमचा बाप्तिस्मा आम्ही दुपट्यात असताना झाला. मंडळीच्या रजिस्टरात नाव चढले, आणि त्या नावाच्या बळावर आम्ही पन्नास वर्षे ख्रिस्ती म्हणवून घेत आलो. संघटनेच्या कामात आम्हांला पावतीपुस्तकाची सवय आहे. वर्गणी भरली, पावती फाडली, माणूस सभासद झाला. पण ज्याने गेटवर एक रात्र काढलेली नाही त्याला आम्ही कार्यकर्ता म्हणत नाही. सभासद म्हणतो, आणि तेही वर्गणी चालू असेल तर. मग रजिस्टरातल्या आमच्या नावाची गणती कशात करावयाची? हा प्रश्न आम्हांला पुष्कळ वर्षे छळीत होता. त्याला उत्तर शोधताना आम्हांला आधार मिळाला तो आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन स्त्रियांचा.

पहिल्या पंडिता रमाबाई. त्यांच्याविषयी आपल्याकडे आदराने बोलतात किंवा रागाने बोलतात. त्यांचे स्वतःचे लिखाण वाचून बोलणारे मात्र थोडे. त्यांचा जन्म १८५८ चा. आईबाप दुष्काळात गेले, भावाबरोबर हिंदुस्थानभर पायी भ्रमण झाले, कलकत्त्यास १८७८ साली पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. लग्न झाले, एक मुलगी झाली, आणि १८८२ साली पती वारले. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. येथवरचा वृत्तान्त सर्वांना ठाऊक असतो. बहुतेक लोक येथेच थांबतात. स्तुती करणारेही थांबतात आणि निंदा करणारेही थांबतात.

पण रमाबाई थांबल्या नाहीत. बाप्तिस्मा दिला म्हणून आता सर्व गोष्टी मुकाट्याने मान्य करा, अशी तेथल्या धर्मभगिनींची अपेक्षा होती. रमाबाईंनी त्यांच्याशी पत्रांतून अक्षरशः भांडण मांडले. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आता छापलेला आहे. एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरविले ते दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी नव्हे, हा त्यातला सूर आहे. आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांनी कुणाच्या स्वाधीन केली नाही. मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही, आपली मुलगी कशी वाढवावी हा अधिकार सोडला नाही. आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्हांला फार बरे वाटले. श्रद्धा वाढवायची म्हणजे प्रश्न गिळून टाकायचे, असे आम्हांला रविवारच्या शाळेपासून शिकविण्यात आले होते. आणि येथे एक बाई प्रश्न विचारता विचारता ख्रिस्ताच्या जवळ जात होती.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. १९०७ साली रमाबाईंनी आपली साक्ष छापून प्रसिद्ध केली. तीत त्यांनी जे मान्य केले आहे ते मान्य करण्यास छाती लागते. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे लोटली होती. मुंबईत १८८९ साली शारदासदन काढून ते पुढे पुण्यास आणले होते. अमेरिकेत व्याख्याने झाली होती, ग्रंथ गाजला होता, साऱ्या जगात नाव झाले होते. आणि त्या वेळी त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, तो चांगलाही आहे, पण त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त काही आपल्याला भेटलेला नाही. ही १८९१ ची गोष्ट. आठ वर्षे, मंडळी! एवढ्या मोठ्या बाईंनी आठ वर्षांनंतर स्वतःचा हिशेब तपासला आणि जमेच्या बाजूला जे लिहिले होते ते खोडून पुन्हा मांडले.

त्या भेटीचे वर्णन करण्याची आमची पात्रता नाही. आम्ही कामगार माणसे. आम्ही फळावरून झाड ओळखतो. १८९१ नंतर रमाबाईंच्या आयुष्यात काय बदलले ते पाहावे. शारदासदनात धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. पण बाईंच्या पहाटेच्या प्रार्थनेला मुली आपण होऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात काहूर उठले, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखी मातब्बर माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली. आम्ही या बाबतीत रानड्यांना दोष देत नाही. ज्या भरवशावर त्यांनी लोकांच्या मुली तेथे आणविल्या होत्या त्या भरवशाचा प्रश्न होता. रमाबाईंचेही चुकले असे म्हणवत नाही. प्रार्थनेच्या खोलीचे दार आतून लावून घ्या, असे आईला कसे सांगावे? दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती आणि तरी ताटातूट झाली. श्रद्धा खोल गेली की सगळे गुण्यागोविंदाने नांदते, असे जे सांगतात त्यांनी हे प्रकरण वाचावे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आईबाप दुष्काळानेच नेले होते. त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी मुली गोळा करून घेऊन आल्या, शेकड्यांनी आणल्या. पुण्याजवळ केडगावला जमीन होती, तेथे विहिरी खणल्या, छपरे घातली आणि मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुलींची त्यात भर पडली. शाळा, शेती, माग, गुरे आणि छापखाना. या छापखान्याविषयी आम्हांला विशेष सांगावयाचे आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा हाती घेतल्या आणि संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर करावयास घेतले. कशासाठी? मराठी बायबल आधी होतेच. पण ते अडाणी बाईला वाचून कळत नव्हते. ज्या बायांसाठी भाषांतर होत होते त्यांतल्याच बाया खिळे जुळवीत होत्या, मुद्रिते काढीत होत्या, यंत्र चालवीत होत्या. छापखान्यातल्या कामगारांत आम्ही काही दिवस काम केले आहे. उलटी अक्षरे जुळवून पान बांधणे म्हणजे काय कष्ट असतात ते आम्हांला ठाऊक आहे. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरी ते करीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्याच्या आधी थोडेच दिवस त्यांनी हातातले काम तपासून संपविले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्यांची एकुलती मुलगी मनोरमा त्यांच्या डोळ्यांदेखत १९२१ साली वारली होती.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. यांची वाट अगदीच निराळी. रमाबाई विद्वान, तर लक्ष्मीबाईंना लिहितावाचता आले तेच लग्नानंतर. त्यांचे पती नारायण वामन टिळक हे मोठे कवी. आगगाडीत भेटलेल्या एका परदेशी गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी मागे राहिली. पदरात लहान मूल. त्या बाईवर काय कोसळले ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या पुस्तकातच वाचावे. ते १९३४ ते १९३६ या काळात निघाले आणि मराठीत त्याच्या तोडीचे आत्मचरित्र आम्ही वाचलेले नाही. रडू येईल तेथे हसवितात आणि हसता हसता आपला डोळा भरून येतो.

पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याच्या जवळ राहावयास आल्या, पण ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांचे सोवळे चालूच. त्यांचे पाणी निराळे, स्वयंपाक निराळा. आणि टिळकांनी तो निराळा राहू दिला. तापट म्हणून ज्यांची ख्याती त्या टिळकांचे आम्हांला याबद्दल फार कौतुक वाटते. मिशनऱ्यांच्या अंगणात एका ब्राह्मण बाईचे सोवळे चालले! आमच्यापैकी किती जणांना इतका दम निघेल? आज नव्याने मंडळीत येऊ पाहणाऱ्या माणसाला आम्ही पाच आठवडेही देत नाही.

मग एके दिवशी लक्ष्मीबाई एकट्याच विचार करीत बसल्या की, ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसांतही वेगळेपणा दिसला असता. माणसे तर सगळी सारखी जन्मतात आणि सारखी मरतात. तेव्हा जात माणसाने केली, आणि जे माणसाने केले ते आपण मोडू शकतो. त्यांनी तेथल्या तेथे ठरविले की आता कुणाच्याही हातचे खावयाचे, कुणाच्याही हातचे प्यावयाचे. या वेळी त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नव्हता हे लक्षात ठेवावे. तो १९०० साली झाला. म्हणजे आधी पाण्याचा तांब्या बदलला आणि मग रजिस्टरात नाव चढले. आमच्याकडे पुष्कळांचे उलटे आहे. नाव चढून तीन पिढ्या झाल्या, आणि सोयरीक जुळविताना अजून मूळ जात विचारली जाते. आमच्या मंडळ्यांतून जात गेली असे कुणी सांगू लागला तर त्याने एखादा विवाह जुळविण्याचा उद्योग वर्षभर करून पाहावा.

पाणी म्हटले की आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला महाड आठवल्यावाचून राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी घेतले तेव्हा हा जिल्हा कुलाबा होता. त्याच्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे आधी एका सोवळ्या बाईने पाण्याचा तोच प्रश्न आपल्या मनाशी सोडविला. दोन्ही घटना सारख्या नाहीत हे आम्हांला कळते. ज्याला पाणी नाकारले होते त्याने ते घेणे निराळे आणि जी नाकारीत आली होती तिने नाकारणे सोडणे निराळे. पहिल्यात डोकी फुटली. पण दुसरे झाल्यावाचून पहिल्याचे फळ टिकत नाही, हेही खरे.

टिळकांविषयी एकच सांगून पुढे जातो. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे ते म्हणत, आणि त्यांची भजने आजही रविवारी आमच्या मंडळ्यांतून गाइली जातात. १९१७ साली या माणसाने मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे शिष्य घेतले. बाप्तिस्मा होऊन बावीस वर्षे झाली होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते वारले. प्रयोग अर्धा राहिला. पण साठीकडे झुकलेला माणूस पगार सोडतो, ही गोष्ट आम्ही कामगार लोक हलकी समजत नाही.

आता पनवेलकडे येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट आहे. येशूने सांगितलेल्या दाखल्यांपैकी ती आमची सर्वांत नावडती होती. धनी सकाळी नाक्यावर जातो, एक दिनार रोजावर मजूर ठरवितो. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणखी मजूर लावतो. दिवस मावळायला तासभर उरला असता पाच वाजता पुन्हा जातो, तर काही माणसे उभीच. दिवसभर रिकामे का उभे, असे विचारतो. ती सांगतात, आम्हांला कुणी कामावर घेतलेच नाही. त्यांनाही मळ्यात धाडतो. संध्याकाळी हिशेब होतो तेव्हा तासभर काम केलेल्याला पूर्ण दिनार आणि बारा तास उन्हात खपलेल्यालाही तेवढाच दिनार. सकाळचे मजूर कुरकुर करतात. धनी म्हणतो, तुझे ठरलेले तुला दिले. मी चांगला वागलो हे तुला का खुपते?

संघटनेच्या माणसाला ही गोष्ट कशी पटावी? मालक म्हणतो, पैसा माझा आहे, मी वाटेल त्याला वाटेल तेवढा देईन. ही भाषा आम्ही तीस वर्षे वाटाघाटींच्या टेबलावर ऐकत आलो आहोत. ज्याने जास्त तास भरले त्याला जास्त मिळाले पाहिजे, याच तत्त्वावर जादा कामाचा दुप्पट दर आम्ही लढून मिळविला. इंग्लंडात रस्किनने १८६० साली मजुरीवर निबंध लिहिले तेव्हा त्यांचे नाव याच दाखल्यातून घेतले. १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीत ते पुस्तक गांधीजींनी वाचले आणि त्यांचे आयुष्य पालटले. पुढे त्याचे सार त्यांनी 'सर्वोदय' या नावाने लिहिले. हे सर्व आम्ही वाचले होते. वाचून काही झाले नाही. दाखला आला की आम्ही उपासनेत खाली मान घालून बसत असू.

मग आम्ही नाक्यावरच्या मजुरांत काम करू लागलो. पनवेलच्या नाक्यावर सकाळी सातला जाऊन पाहावे. लातूर, नांदेड, बीदर, विजापूर येथून आलेले बाप्ये आणि बाया फावडे, घमेले, रंगाचा ब्रश घेऊन उभ्या असतात. मुकादम येतो, दंड चाचपल्यासारखे पाहतो, धट्टेकट्टे उचलून नेतो. नऊपर्यंत नाका निम्मा होतो. अकरानंतर उरतात ती म्हातारी माणसे, पायाने अधू, नाहीतर पोर कडेवर असलेली बाई. विमानतळ झाला, रस्ते झाले, टोलेजंग इमारती झाल्या, पण हा अकरानंतरचा नाका काही हटला नाही.

तेथे एका दुपारी, सावलीला बसलो असता, आम्ही एका वयस्क मजुराला हा दाखला सांगितला. तो ख्रिस्ती नाही. विठोबाचा माळकरी आहे. आम्ही आमचीच अडचण त्याच्यापुढे ठेवली: तासभर काम करणाऱ्याला बारा तासांची मजुरी, हा कुठला न्याय? तो आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दादा, तुम्ही कामाचे तास मोजता. आमचे उभे राहण्याचे तास कोण मोजणार? काम करणाऱ्याला घाम येतो, पण दुपारी काय खायचे याची त्याला काळजी नसते. पाचपर्यंत उभा राहिला तो माणूस कामावरच्यापेक्षा जास्त दमला असेल. आणि घरी गेल्यावर पोरे काय तासाप्रमाणे खातात?"

आम्ही बायबल चाळीस वर्षे वाचीत आलो. पाच-पंचवीस प्रवचने या दाखल्यावर ऐकली. त्यांत कृपा म्हणजे काय, देवाचे राज्य म्हणजे काय, यहुदी कोण, परराष्ट्रीय कोण, सर्व ऐकले. उभे राहण्याचे तास कुणी मोजले नव्हते. ते मोजले त्या माळकऱ्याने. त्या दिवसापासून तो दाखला आमच्या घरात राहावयास आला आहे, असे म्हटले तर चालेल.

घरात आलेला पाहुणा मग कामे सांगू लागतो. तळोजाच्या बाजूला एका कारखान्यात आमची संघटना होती. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. कायम कामगार दीडशेच्या आत, कंत्राटी त्यांच्या दुपटीहून जास्त. कंत्राटी कामगाराने तेच काम केले तर त्याला तेच वेतन मिळावे, असे १९७१ च्या केंद्रीय नियमांत लिहिलेले होते; पण नियम कागदावर राहतात. वेतनकराराच्या वेळी आम्ही मागणीपत्रात एक कलम घातले की, बोनसची रक्कम कंत्राटी कामगारांनाही तेवढीच मिळावी. व्यवस्थापनाने विरोध केला यात नवल नाही. नवल घडले ते आमच्याच सर्वसाधारण सभेत. एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले, "आम्ही वीस वर्षे भट्टीपुढे खपलो आणि कालचे पोर आमच्या बरोबरीने उचलणार?" मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली कुरकुर, जशीच्या तशी!

हे गृहस्थ आमच्याच मंडळीतले. रविवारी आमच्याच बाकावर बसणारे. त्यांना तो अध्याय आमच्याइतकाच पाठ. त्यांचे म्हणणे वेडगळ होते असे नाही. त्यांनी बंद पडलेल्या गिरण्या पाहिल्या होत्या. बरोबरी आली की वरचे खाली येतात, खालचे वर जात नाहीत, अशी त्यांची धास्ती होती, आणि ती पुष्कळदा खरी ठरलेली आहे. सभेत मते पडली, कलम थोड्या मतांनी टिकले, आणि पुढे तडजोडीत कंत्राटी कामगारांना रकमेचा मोठा हिस्सा मिळाला. तीसएक कायम सभासद संघटना सोडून गेले. ते गृहस्थ त्यांत होते. त्यांनी आमच्याशी बोलणे टाकले.

वैऱ्यावर प्रेम करण्याची शिकवण आम्ही तोवर व्यवस्थापकांपुरती समजत होतो. ती सोपी असते. व्यवस्थापक बदलून जातो. त्याच्यासाठी महिन्यातून एकदा प्रार्थना करणे काही अवघड नाही. पण प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीची थाळी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. ती आमच्याकडे येई ती या गृहस्थांच्या हातून. ते थाळी पुढे करीत, नजर दुसरीकडे. जागा बदलून बसावे असे आमच्या घरी सुचविण्यात आले. आम्ही बदलली नाही. त्यांनीही बदलली नाही, हे त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे. तीन वर्षे आम्ही ती भाकरी अशी घेतली. त्या तीन वर्षांत आम्ही जेवढी प्रार्थना केली तेवढी त्याआधीच्या तीस वर्षांत केली नसेल. तीही काही सुंदर प्रार्थना नव्हे. बहुतेक वेळा ती भांडणासारखीच असे. पण सिस्टर जेराल्डिनशी भांडणाऱ्या रमाबाई आम्ही वाचल्या होत्या, म्हणून भांडणाची लाज वाटली नाही. आज आमचा त्यांचा नमस्कार होतो. त्यापलीकडे अजून गेलेले नाही.

तरुण मंडळी आम्हांला विचारतात की, श्रद्धा वाढावी म्हणून रोज काय करावे? मोठमोठी शिबिरे असतात, रात्रभर उपासना असतात, डोळ्यांतून पाणी येते, आणि महिन्याभराने पुन्हा जैसे थे. आम्ही त्या उपासनांना नावे ठेवीत नाही. १९०५ साली केडगावला मुक्तिसदनातही तसा मोठा गहिवर आला होता. फक्त तेथे दुसऱ्या दिवशी सकाळी दळण होते, विहिरीचे पाणी होते, आजारी पोरी होत्या. आम्ही स्वतः पहाटे वीस मिनिटे वाचतो, त्याहून जास्त जमत नाही. पण एक फरक केला आहे. वाचलेला उतारा ज्या माणसांविषयी आहे त्या माणसांपैकी एखाद्याला तो आठवड्यात सांगावयाचा. मजुराचा असेल तर मजुराला, विधवेचा असेल तर विधवेला, कर्जदाराचा असेल तर कर्जदाराला; त्या तर आपल्याकडे काही कमी नाहीत. त्याने ख्रिस्ती असण्याची अट नाही. त्याचे ऐकावयाचे आणि वाद घालावयाचा.

अलीकडे रविवारी दुपारी नाक्याजवळच्या झाडाखाली पाचसात माणसे अशी बसतात. एकजण सोडला तर कुणी ख्रिस्ती नाही, आणि त्यांना तसे करण्याचा आमचा बेतही नाही. गेल्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानातली हरवलेल्या नाण्याची गोष्ट निघाली. एका बाईची दहा नाणी, त्यांतले एक हरवते; ती दिवा लावते, घर झाडते, नाणे सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते. ते नाणे म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी, एवढे आम्ही समजावून सांगितले. त्यावर विटा वाहणारी एक बाई म्हणाली की, दिव्याचे तेल आणि शेजारणींचा चहा मिळून एक हजेरी सहज गेली असेल. ही बाई हिशेबाला कच्ची दिसते. आमचा माळकरी म्हणाला, ज्याची एक हजेरी बुडाली आहे त्यालाच तिची किंमत कळते, बाईचे बरोबर आहे. दोघांचा वाद चांगलाच रंगला. तेवढ्यात मुकादम येऊन चौघांना गाडीत घालून घेऊन गेला, तेव्हा तो पुढच्या रविवारवर राहिला आहे.